दवाखाना पायी किती अंतरावर?

मे २०२५ मध्ये चौंडी येथे राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. निमित्त होते अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दी जयंतीचे. त्या बैठकीत अहिल्यानगरसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडून ४३० खाटांचे रुग्णालय मंजूर झाले. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा पसारा, २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोकसंख्या, आणि तोपर्यंत सरकारचे एकही वैद्यकीय महाविद्यालय नाही! होती ती लोणीला आणि विळद घाटात, खासगी संस्थांची. साखरसम्राटांच्या जिल्ह्यात कारखाने सरकारी भागभांडवलावर उभे राहिले, पण डॉक्टर घडवण्याचे काम सरकारने संस्थाचालकांवर सोपवून दिले होते. तेव्हा या निर्णयाचे स्वागत केलेच पाहिजे. अभिनंदनाचे फलक लागले, श्रेयाची ओढाताण झाली, तेही रीतीप्रमाणेच.

परंतु आपल्या कार्यकर्त्यांनी एक प्रश्न विचारायला हवा. तो कोणत्याही फलकावर नव्हता. असे रुग्णालय बांधायचे कोणाच्या दाराशी? त्याच्या आजूबाजूला, पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, राहायला कोण मिळणार? प्लॉटवाले, की आपण?

प्रश्न किरकोळ वाटेल. नेवाशाच्या माणसाला मात्र तो किरकोळ वाटणार नाही. नेवासा नगर आणि औरंगाबाद यांच्या जवळजवळ मध्यावर आहे. (सरकारदरबारी ही दोन्ही नावे आता बदलली आहेत. एस.टी.त बसणारा म्हातारा अजून हीच नावे घेतो.) दोन्ही शहरे साठेक किलोमीटरवर. म्हणजे दोन मोठी रुग्णालये आणि दोन्हीही तेवढीच लांब. तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्येच साडेतीन लाखांच्या पुढे गेलेली. ग्रामीण रुग्णालय म्हणजे सर्वसाधारणपणे तीस खाटा. तिथे बाळंतपण अडले, छातीत कळ आली, ट्रॅक्टरखाली पाय सापडला, की चिठ्ठी मिळते : 'पुढे न्या'. मग घरात चर्चा सुरू होते, नगरला सिव्हिलला न्यायचे की औरंगाबादला घाटीत? ही चर्चा डॉक्टर कुठे चांगला यावर होत नाही. पाहुणे कुठे आहेत, कोणाकडे भाकरी मिळेल, रात्री पाठ कुठे टेकता येईल, यावर होते.

२०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली हे खरे. तिने अनेक जीव वाचवले, हे कोणी नाकारू नये. पण १०८ जाण्याची सोय करते, परत येण्याची नाही. रुग्णाबरोबर दोन माणसे जातात. त्या दोघांची मजुरी बुडते. घरी लेकरे शेजाऱ्यांवर टाकलेली असतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचे बिल भरते, मुक्कामाचे बिल भरत नाही. आठ दिवस व्हरांड्यात काढायचे, नळाचे पाणी प्यायचे, वडापाव खायचा आणि नवव्या दिवशी रुग्ण पूर्ण बरा होण्याआधीच 'आम्हाला घरी जाऊ द्या' म्हणून सही करायची. कागदावर तो 'स्वेच्छेने गेलेला रुग्ण' ठरतो. प्रत्यक्षात त्याला अंतराने हाकललेले असते.

याउलट रुग्णालयाच्या पायी अंतरावर राहणाऱ्याचे पाहा. रात्री दोन वाजता लेकरू तापाने फणफणले तर आई त्याला खांद्यावर टाकून निघते. सकाळी डबा घरून येतो. पाळीपाळीने माणसे बसतात, कोणाचीही मजुरी पूर्ण बुडत नाही. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी संपली की त्याच दिवशी आणता येते. क्षयाचे औषध सहा महिने न चुकता घ्यायचे असते. ज्याला दर फेरीला एक दिवसाचा रोज गमवावा लागतो तो तिसऱ्या महिन्यात सोडतो आणि मग त्याच्या नावापुढे 'बेजबाबदार रुग्ण' असा शेरा लागतो.

या जागेच्या प्रश्नाला आपल्या चळवळीच्या इतिहासातही उदाहरण आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याने कष्टकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. त्यातलीच एक परळच्या पोयबावडीची बी.आय.टी. चाळ. बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षे तिथे राहिले, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत. गिरणी कामगारांची ही वस्ती होती. दामोदर हॉल तिथून जवळ. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेची १९२४ ची बैठक तिथेच भरली. १९२६ मध्ये त्याच परळात के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी वाडियांचे प्रसूतिगृह, पुढे १९२९ मध्ये मुलांचे रुग्णालय, १९४१ मध्ये टाटांचे कर्करोग रुग्णालय. गिरणी, चाळ, सभागृह आणि इस्पितळ, सगळे पायाखाली. चळवळ अशा परिसरात वाढते. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी सभेला चालत येऊ शकतो म्हणून सभा भरते, हे साधे सत्य आपले अभ्यासकही क्वचितच लिहितात.

आणि तरीही १९२६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांचा लाडका राजरत्न गेला. त्याच्या आधीही लेकरे गेली होती. म्हणजे इस्पितळ जवळ असणे पुरेसे नाही, हेही परळच सांगते. घरात अन्न, उजेड, मोकळी हवा नसेल आणि हातात पैसा नसेल तर भिंतीपलीकडचे इस्पितळही उशिरा पडते. नगरच्या सिव्हिलमध्ये ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा कोरोनाग्रस्तांचा बळी गेला. तिथे पोहोचलेल्या माणसांचाच! तेव्हा केवळ अंतराचा हिशोब मांडून कोणी सरकारला इतर जबाबदाऱ्यांतून सोडवू नये.

औरंगाबादला घाटीचे असेच. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे. पाणचक्कीच्या एका अंगाला घाटी, दुसऱ्या अंगाला बाबासाहेबांनी उभारलेले नागसेनवन. खेड्यातून मिलिंदमध्ये शिकायला आलेला पोरगा गावाकडचा रुग्ण आला की रात्री घाटीत त्याच्या उशाशी बसायचा, केसपेपर काढून द्यायचा, रक्त द्यायचा. नेवासा, पैठण, गंगापूरच्या किती घरांना घाटी 'आपली' वाटली ती या पोरांमुळे. कुठल्याही आरोग्य आराखड्यात ही सेवा नोंदलेली नाही.

इस्पितळ चालवणाऱ्यांतही आपली माणसे आहेत आणि बहुतेक करून तळाच्या पायरीवर. वॉर्ड झाडणारी, मैला उचलणारी, कपडे धुणारी, शवागारात काम करणारी. या कामांत कोणत्या जातीची माणसे आहेत हे सांगायला आयोग नेमायची गरज नाही. पूर्वी यांतल्या अनेकांना आवारात क्वार्टर मिळायचे. आता ठेकेदार आला. ठेकेदाराच्या माणसाला ना क्वार्टर, ना पगाराची खात्री. पाळी रात्री संपते, तेव्हा बस नसते. म्हणून तो इस्पितळाच्या कडेला, नाल्याच्या काठाला, सरकारी पडीक जागेवर पत्रे ठोकून राहतो. आणि एके दिवशी त्याला नोटीस येते : अतिक्रमण.

इथे कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे अर्धवट सांगितले जाते. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि फुटपाथवर राहणारा माणूस तिथे राहतो तो कामाजवळ राहण्यासाठी. इथवर आपण सभांमधून सांगतो. पुढचे सांगत नाही. त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की पर्यायी जागा देणे ही हटवण्याआधीची अट नाही. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी आणि वीस वर्षांहून जुन्या, सुधारलेल्या वस्त्या 'सार्वजनिक प्रयोजनासाठी' जमीन लागत असेल तरच हलवाव्यात, तेही पर्याय देऊन, असा तो आदेश. आता रुग्णालय हे सार्वजनिक प्रयोजन नाही तर काय आहे? म्हणजे ज्या इस्पितळाच्या आधाराने वस्ती उभी राहिली, त्याच इस्पितळाचा विस्तार तिला उठवण्याचे सर्वांत सोज्वळ कारण ठरतो. 'रुग्णांसाठी जागा हवी' म्हटल्यावर विरोध करणारा माणुसकीचा शत्रू ठरतो. कोर्टात मी हा युक्तिवाद ऐकला आहे, आणि त्याला उत्तर भावनेने देता येत नाही. उत्तर एकच : वस्ती हलवायची तर त्याच रुग्णालयाच्या पायी अंतरात हलवा. तीस किलोमीटरवर घर दिले म्हणजे घर दिले आणि रोजगार काढून घेतला.

दुसऱ्या बाजूला उपचाराच्या हक्काबद्दल न्यायालय स्पष्ट आहे. १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात ठरले की जखमीला आधी वाचवा, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात रेल्वेतून पडलेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले. मात्र दवाखाना किती अंतरावर असावा हे न्यायालय सांगत नाही. ते नियोजन सांगते. सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा मापदंड लोकसंख्येचा आहे, पायांचा नाही.

अंतराचा आणखी एक बळी आहे, आणि तो आमच्या वकिलीत दर महिन्याला दिसतो : अत्याचाराचा पुरावा. नेवाशासारख्या तालुक्यातल्या वस्तीवर मारहाण होते. आधी पोलीस ठाणे, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून 'पुढे न्या'. वैद्यकीय तपासणी व्हायला दुसरा दिवस उजाडतो. वळ फिकट होतात. उलटतपासणीत आरोपीचा वकील विचारतो, 'जखम जर खरी होती तर इतका उशीर का?' खैरलांजीत २००६ साली पहिल्या शवविच्छेदनावरून केवढा वाद झाला ते वाचक विसरलेले नसतील. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, नियम ११ मध्ये, पीडित व साक्षीदारांना प्रवासखर्च, भत्ता, औषधांचा व रक्ताचा खर्च देण्याची तरतूद आहे. किती जणांनी तो मागितला? अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो, हे सांगणारा माणूस तालुक्यात हवा.

मग अहिल्यानगरच्या नव्या रुग्णालयाबाबत मागायचे काय? पहिली गोष्ट, ते शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी, चारचाकीवाल्यांच्या सोयीने जाता कामा नये. स्वस्त जमीन बाहेर मिळते, अधिकाऱ्यांचे हे म्हणणे खरे आहे. पण जमिनीत वाचलेला पैसा पुढची पन्नास वर्षे रिक्षाभाड्यात गरीब भरतो. एस.टी. स्थानकापासून चालत जाता यावे, निदान नेवासा, शेवगाव, पाथर्डी, जामखेडच्या गाड्या फाटकाशी थांबाव्यात. रस्त्याला धड फुटपाथ हवा. नगरच्या रस्त्यांवर धडधाकट माणूस जपून चालतो, तिथे टाके घातलेली बाई कशी चालणार? चतुर्थ श्रेणी आणि कंत्राटी कामगारांची घरे मूळ आराखड्यात हवीत, 'दुसऱ्या टप्प्यात' नकोत. दुसरा टप्पा कधी येत नसतो.

आणि नातेवाइकांसाठी धर्मशाळा. गाडगेबाबांना हे किती आधी कळले होते! दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारी गरीब माणसे राहतात, जे.जे.च्या आवारातही त्यांची धर्मशाळा आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला समजले की आजाऱ्याबरोबर येणाऱ्याला छप्पर लागते. ४३० खाटांचा प्रकल्प आखणाऱ्यांना ते समजायला हरकत नसावी.

हे सर्व बांधकाम सुरू होण्याआधीच मागावे लागते. शहराच्या विकास आराखड्यात जमिनीचे आरक्षण बदलायचे झाले तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिना. ही सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक अक्षरात, लिलावाच्या नि हरवले-सापडलेच्या शेजारी येते, आणि आपल्यापैकी कोणी ती वाचत नाही. नगरमधल्या एखाद्या तरुण वकिलाने एवढे एकच काम अंगावर घ्यावे : रोज ते पान वाचायचे आणि सूचना दिसताच तालुक्यांना फोन करायचा. नेवाशातून हरकतींचे पन्नास अर्ज तयार ठेवायला आठवडा पुरतो.