कर्ज थकलं तर आधी कुणाचं भरायचं?

नोव्हेंबर 2023 मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी किडनी, लिव्हर, डोळे विकायला काढल्याचं पत्र थेट मुख्यमंत्र्यांना पाठवलं. सोयाबीन गेलं, पीक कर्ज फिटत नाही, मग अवयव घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ही मंडळी मुंबईपर्यंत गेली आणि हिंगोलीचं नाव देशभर झालं. पण एका घरात आज किती प्रकारचं कर्ज असतं, याची चर्चा तेव्हाही झाली नाही, आताही होत नाही.

बघा, पूर्वी 'कार्ड' म्हटलं की किसान क्रेडिट कार्ड. आता त्याच घरात बायकोच्या नावावर गटाचं कर्ज, मोबाइलचा हप्ता, पोराच्या खिशात बँकेचं क्रेडिट कार्ड आणि कुठेतरी सावकाराकडे कोरा चेक. पैसे आले की कुणाला देतो आपण? ज्याचा माणूस दारात येऊन बसतो त्याला. बँक शांत असते, म्हणून तिचं राहतं. घर बुडतं ते इथंच, कारण सगळ्यात स्वस्त कर्ज आपण थकवतो आणि सगळ्यात महागाला खाऊ घालतो.

पीक कर्ज 3 लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की सवलत गेली. उलट क्रेडिट कार्डावर महिन्याला 3 ते 3.75 टक्के, म्हणजे वर्षाला 36 ते 45 टक्के व्याज लागू शकतं. 50,000 थकले आणि दर 3.5 टक्के धरला, तर महिन्याचं व्याज 1,750 आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 315. 'मिनिमम ड्यू' म्हणून 2,500 भरले तर मुद्दल कमी झालं फक्त 435 रुपये. वर शून्य आणि खाली पंचेचाळीस, असा हा फरक आहे.

माफीची वाट बघणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. 2017 ची माफी दीड लाखापर्यंत आणि 2019 ची 2 लाखांपर्यंत होती, आणि दोन्ही शेतीच्या कर्जाच्या होत्या. क्रेडिट कार्ड, गटाचं कर्ज, मोबाइलचा हप्ता त्यात कुठंच नव्हता.

मग फिटतच नसेल तर? लपू नका, फोन बंद करू नका आणि एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढू नका. कार्ड वापरणं बंद करून बँकेला लेखी अर्ज द्या: उत्पन्न इतकं, महिन्याला इतकंच झेपतं, थकबाकीचे हप्ते पाडून द्या. शाखेत दिलेल्या अर्जावर तारीख-शिक्का घ्या. तोंडी बोलणं साहेबाची बदली झाली की संपतं. पीक कर्जाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत मोठं पीक नुकसान असेल तर पुनर्गठनाची सोय आहे, पण खातं आधीपासून थकीत असेल तर अडचण येते. म्हणून पंचनाम्याची प्रत जपून ठेवा.

वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूचनांनुसार बँकेच्या एजंटनं सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. गटाच्या कर्जाला तर वेळ आणखी कमी, 9 ते 6. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, चारचौघांत अपमान, सगळ्याला मनाई आहे. शिवाय घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपुढे जात असतील, तर नवीन गटकर्ज द्यायचंच नाही, असाही नियम आहे. तो गावागावात किती पाळला जातो हे आयाबायांना विचारा! आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक 14448.

सावकाराचा मामला वेगळा. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात 2014 च्या कायद्यानं गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकानंही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारणावर 12 टक्केच घ्यायचे. सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी व्यवहार 15 वर्षांच्या आतला हवा.

नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. मात्र चेक बाऊन्स झाला तर फौजदारी केस होते, म्हणून कोरा चेक देऊ नका. कोर्टाची किंवा लोकअदालतीची नोटीस आली तर हजर राहा. तडजोडीत रक्कम कमी होऊ शकते, पण बँकेच्या लेटरहेडवर आकडा आल्याशिवाय एजंटच्या हातात किंवा त्याच्या फोन-पेवर रुपयाही टाकू नका. पैसे भरल्यावर नो ड्यूज मागून घ्या. सिबिलवर मात्र 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढच्या कर्जाच्या वेळी बँक तो बघते.