आधी कोरडं, मग उबदार!

थंडी म्हटलं की आपल्याला डिसेंबर आठवतो. पण महाबळेश्वरच्या माणसाला विचारा, तो जुलैसुद्धा सांगेल! तिथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पारा १८-१९ अंशांवर, गाद्या ओलसर, चपलांवर बुरा. मग काय, लावा दोन हजार वॉटचा हीटर! रात्रभर, म्हणजे सलग आठ तास चालला की १६ युनिट्स. बिल बघून घाम फुटतो, तेवढीच काय ती ऊब!

माझं स्पष्ट मत आहे की अशा हवेत घर तापवण्याआधी ते कोरडं केलं पाहिजे. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात आपण लेटंट हीट लिहून येतो आणि तिथेच विसरतो. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते. दोरीवरच्या कपड्यांत तीन लिटर पाणी असेल, तर हीटरची दोन युनिट्स तुमच्यासाठी नाही, जीन्ससाठी जळतात! ओल्या भिंतीचं तर दुहेरी नुकसान. ती सुकवायला उष्णता जाते, शिवाय विटेच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी भरल्यामुळे घरातली ऊबही लवकर बाहेर पळते.

जुन्या लोकांना हे समीकरणाशिवाय कळत होतं. पावसाळ्याआधी ते घराला गवताच्या झडी बांधायचे, म्हणजे पाऊस भिंतीला लागायचाच नाही. आपण मात्र भेगा आणि गळका पाइप तसाच ठेवून मोठा हीटर आणतो.

मग करायचं काय? बाहेरून भिंतीची गळती बंद करा. कपडे बाहेरच्या पडवीत वाळवा. सगळं घर नको, एकच खोली तापवा. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी घ्या. दीड लिटर पाणी तापवायला युनिटचा दहावा हिस्साही लागत नाही. परवडत असेल तर डीह्युमिडिफायर बघा. तो हवेतलं पाणी काढतो आणि त्या पाण्याची लेटंट हीट खोलीतच परत देतो.

फक्त एक बचत करू नका: दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवायची! कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस उठतच नाही. घरी आजी-आजोबा शेगडी घेऊन बसत असतील, तर आज रात्रीच फोन करून सांगा. बिलाचं नंतर बघू.