जैसलमेर व्हाया केनवड

आमच्या ग्रुपमध्ये एक एक्सेलराव आहेत. खरं नाव सांगत नाही, अप्रेझल तोंडावर आलंय त्यांचं. तर या माणसाने मार्चमध्येच पुणे-जैसलमेर रोड ट्रिपची शीट तयार केली. पुणे, अहमदाबाद, बाडमेर, जैसलमेर, एका बाजूचे साधारण १२०० किलोमीटर. एका टॅबमध्ये पेट्रोल, एकात हॉटेलं, एकात गाणी. पॅकिंगच्या टॅबमध्ये ३७ वस्तू! गॉगल, ड्रोन, ट्रायपॉड, स्पीकर, फोटोसाठी लाल साफा. पाणी होतं २८ नंबरला. ‘एक बॉक्स, वाटेत घेऊ.’

तारीख ठरली जूनच्या पहिल्या आठवड्याची. चौघांची सुट्टी तेव्हाच जुळत होती आणि हॉटेलंही जाम स्वस्त होती. जूनमध्ये जैसलमेरची हॉटेलं स्वस्त का असतात, हा प्रश्न चार इंजिनीअरांपैकी एकालाही पडला नाही.

त्याआधी मेमध्ये ऑफिसातल्या एकाचं नागपूरला लग्न होतं. म्हटलं, चला, ट्रायल होऊन जाईल. येताना समृद्धी सोडून मालेगावच्या जुन्या रस्त्याला लागलो, कारण माझी आत्या केनवडला असते. केनवड म्हणजे वाशिम जिल्हा, रिसोड तालुका. मालेगावहून मेहकरकडे जाताना लागतं. ‘आत्याकडे जेवू आणि निघू’ एवढाच प्लॅन होता.

गाव चार-पाच किलोमीटरवर राहिलं आणि टेम्परेचरचा काटा लाल झाला. कूलंटचा पाइप फुटला होता. दुपारचा दीड. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं आणि सावली म्हणावी तर एक बाभूळ. चौघांत मिळून दोन लिटर पाणी, तेही चहासारखं गरम. त्यातलं अर्धं आमच्या हुशार एक्सेलरावांनी बॉनेटवर ओतलं.

पाऊण तासात माझी रूममेट गप्प झाली. ही मुलगी झोपेतही बोलते, त्यामुळे आम्ही आधी चेष्टाच केली. मग ती बोलायला लागली, पण भलतंच. ‘लिफ्ट का थांबली?’ असं दोनदा विचारलं. हात लावला तर अंग तव्यासारखं. एका टेम्पोवाल्याने आम्हाला आत्याच्या दारात आणून सोडलं.

आत्याने कुणालाही काही विचारलं नाही. मुलीला कूलरसमोर आडवं केलं, अंगावर ओली चादर टाकली आणि मानेला, काखेत गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. मी ग्लास पुढे केला तर हातावर चापट बसली. ‘शुद्धीवर नाही ते पूर्ण, ठसका लागीन. गाडी बोलाव आधी!’ चादर ओली ठेवतच आम्ही तिला दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘गाडीत पाणी किती होतं?’ चौघांचं शिक्षण मिळून सोळा वर्षांचं इंजिनीअरिंग, पण उत्तर द्यायला कुणी तोंड उघडेना.

त्या रात्री मुक्काम केनवडलाच. संध्याकाळी आत्याच्या घरामागच्या मोकळ्या वावरात एक डेरा उतरला. मेंढरं आणि तीन उंट. गावात यांना सरसकट काठेवाडी म्हणतात, पण हे कच्छचे रबारी. पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात जनावरं घेऊन फिरतात. (२०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले होते, कत्तलीला नेताहेत अशा तक्रारीवरून. ते याच लोकांचे. उंट परत मिळवायला बिचाऱ्यांना कोर्टात जावं लागलं.) आख्खा संसार त्या उंटांच्या पाठीवर. उलटी बांधलेली खाट, तिच्यात गोधड्या, भांडी आणि कोकरं. उंट बसल्यावर सगळ्यात आधी सुटली ती पाण्याची भांडी. दोरीची एक गाठ ओढली की झालं. आमच्या गाडीत पाणी ट्रायपॉडखाली, बॅगांच्या मागे होतं.

आत्या अंगणात बसून बघत होती. म्हणाली, ‘काऊन वं पोरी, तुमच्या गाडीत गाने लय होते. पानी नव्हतं.’

दुसऱ्या दिवशी एक्सेलरावांनी स्वतःच फलोदी शोधून काढलं. बिकानेर-जैसलमेर रस्त्यावरचं गाव, मे २०१६ मध्ये तिथे पारा ५१ अंशांवर गेला होता. जूनचं बुकिंग रद्द! निम्मा अ‍ॅडव्हान्स बुडाला. रूममेटने सगळ्यांना पार्टी द्यायला लावली ती वेगळीच.

आता आम्ही डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी निघतोय. नवी शीट आत्याला फोनवर वाचून दाखवून पास करून घेतली आहे. पाणी एक नंबरला. माणशी, दिवसाला पाच लिटर, डिसेंबर असला तरी, आणि मागच्या सीटवरून हात पोचेल असं. गाडीसाठी वेगळा कॅन, त्यावर मार्करने ‘रेडिएटर’. (गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे शीटमध्ये लाल अक्षरांत.) ओआरएसची पाकिटं. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा. स्टेपनीची हवा निघायच्या आदल्या दिवशी तपासायची. जैसलमेरहून तनोट साधारण १२० किलोमीटर आहे आणि रामगडनंतर पंपांचा भरवसा नाही, म्हणून टाकी जैसलमेरलाच फुल्ल. समच्या वाळूत आपली हॅचबॅक घालायची नाही, तिथली जीप करायची. एक्सेलराव टायरची हवा कमी करून वाळूत जाण्याचा फंडा सांगत होते. त्यांना तो घरीच ठेवायला सांगितलंय.

ड्रोन गेला, ट्रायपॉड गेला. त्या जागी स्वेटर आणि दोन रजया, कारण थरमध्ये डिसेंबरच्या रात्री पारा एक आकडी होतो. लाल साफ्याऐवजी चार पांढरे सुती दुपट्टे. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. कांदा खिशात ठेवला की ऊन लागत नाही, यावर आत्याचा ठाम विश्वास आहे, माझा नाही. तरी चार कांदे घेतलेत. तिला फोटो पाठवायचाय.

आणि छागल. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, पूर्वी जीपला, ट्रकला लटकलेली असायची. पाणी कापडातून पाझरतं, वाऱ्याने उडून जातं आणि आतलं गार होतं. मुंबईच्या दमट हवेत तिचा काही उपयोग नाही, कोरड्या हवेत झक्कास. आत्याने माळ्यावरून काढून पाठवली. वापरण्याआधी रात्रभर भिजवायची म्हणजे कापड फुगतं आणि गळणं कमी होतं, हे मात्र सांगायला ती विसरली.

काल मी ती बंपरला टांगून बघितली. सकाळी सातला बेल वाजली. सोसायटीचे वॉचमनकाका दारात उभे. ‘मॅडम, तुमची गाडी लीक होतेय. मेकॅनिकला बोलावू का?’