हातमोज्यांचे पैसे कोणी भरायचे?

विठ्ठलवाडीच्या आमच्या वस्तीतील एक मावशी २०२४ च्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी एकुलत्या एका मुलाला बी.कॉम. केले होते. मुलगा ऐरोलीला एका खाजगी कंपनीत नोकरीला. कंपनीचा मेडिक्लेम, त्यात आईचेही नाव. आईला रिक्षात घालून कल्याणच्या एका खाजगी रुग्णालयात नेताना तो शेजाऱ्यांना म्हणाला, "पैशाचं टेन्शन घेऊ नका, दोन लाखांचं कॅशलेस आहे." सहा दिवसांनी बिल झाले १,८६,४०० रुपये, म्हणजे विम्याच्या रकमेच्या आतच. तरीही काउंटरवरून निरोप आला की विमा कंपनीने ६६,९६० मंजूर केले आहेत, उरलेले १,१९,४४० भरा आणि पेशंट घरी न्या! मावशींच्या गळ्यातली माळ त्याच दुपारी सोनाराकडे गेली. बाकीचे भिशीतून आणि मित्रांकडून उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला. त्याचा प्रश्न एकच होता. "साहेब, विमा होता ना?"

आम्ही वीस वर्षे वकिली करतो, पण खरे सांगायचे तर ती पॉलिसी समजून घ्यायला आम्हालाही दोन रात्री लागल्या. पहिल्या पानावर दोन लाखांचा आकडा ठळक अक्षरात आणि तो कसकसा झिजत जातो याची हकिकत मागच्या पानांवर मुंगीएवढ्या अक्षरात, तीही इंग्रजीत. आपल्या समाजातील पहिली शिकलेली पिढी आज अशा पॉलिस्या घेत आहे, म्हणून ती झीज येथे मांडतो.

खोलीभाड्याला मर्यादा होती, विम्याच्या रकमेच्या एक टक्का म्हणजे रोज दोन हजार. रुग्णालयाने "खालची खोली रिकामी नाही" असे सांगून चार हजारांची दिली. मुलाला वाटले, फार तर वरचे दोन हजार आपण भरू. पण तसे होत नाही. खोली दुप्पट दराची घेतली की डॉक्टर, भूल, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग यांचेही बिल अर्धेच मान्य होते. खोलीचे गेले १२ हजार, पण त्या खोलीपायी ७२ हजारांतले ३६ हजार गेले. त्यानंतर १९ हजारांचे 'कन्झ्युमेबल्स', म्हणजे वापरून फेकायचे साहित्य. ते सगळे नामंजूर. आणि एवढे कापून जे राहिले त्यावर आईवडिलांसाठी म्हणून वीस टक्के को-पे, म्हणजे तोही वाटा आपलाच.

एवढ्यावर कंपनी थांबली असती तर कागदावर तिचे बरोबर होते. पण तिने खोलीच्या त्याच न्यायाने इम्प्लांट, औषधे आणि तपासण्यांचे ७१,४०० रुपयेही निम्मे केले होते. येथे आम्हाला बोट ठेवायला जागा मिळाली. विमा नियामक प्राधिकरणाने जून २०२० मध्येच स्पष्ट केले आहे की औषधे, वापरून टाकायचे साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत तेथेही नाही. आम्ही त्या परिपत्रकाचा हवाला देऊन कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला दीड पानी पत्र लिहिले. पाच आठवड्यांनी २८,५६० रुपये मुलाच्या खात्यात जमा झाले. ना कोर्ट, ना तारीख. पत्रच गेले नसते तर हे पैसे कंपनीच्या तिजोरीतच राहिले असते, आणि पत्र न लिहिणारेच जास्त असतात हे तिला चांगले ठाऊक असते.

आता हातमोज्यांकडे येऊ. पॉलिसीच्या शेवटी ६८ वस्तूंची एक यादी जोडलेली असते. या वस्तूंचे पैसे कंपनी देत नाही, जास्तीचा हप्ता भरून वेगळे संरक्षण घेतले असेल तरच देते. त्या यादीत टीव्हीचे भाडे आहे, कुरिअरचा खर्च आहे, सौंदर्यसेवा आहे. ठीक आहे, ही चैन कोणी मागितली नव्हती. पण त्याच पंक्तीला हातमोजे बसवले आहेत, मास्क बसवला आहे, ऑक्सिजनचा मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड, क्रेप बँडेज, डायपर आणि रुग्णवाहिकासुद्धा! आम्ही विचारतो, हातमोजे न घालता कोणता सर्जन खुब्याला हात लावतो? ज्याच्याशिवाय शस्त्रक्रिया होतच नाही ती वस्तू ऐच्छिक कशी?

याच यादीत आणखी एक फास आहे. ज्या 'किट'मध्ये काय काय आहे ते लिहिलेले नाही, असे कोणतेही किट नामंजूर. मावशींच्या बिलात साडेसहा हजारांची एक ओळ होती, नुसतेच 'ऑर्थो किट'. आत काय होते ते देवालाही माहीत नसेल, असे जुन्या बायका म्हणतात. आम्ही देव मानत नाही, म्हणून रुग्णालयालाच लेखी विचारले.

बहुतेकांना हे माहीत नसते की त्या ६८ वस्तूंच्या पाठोपाठ आणखी तीन याद्या असतात आणि त्या आपल्या बाजूच्या आहेत. फाइल उघडण्याचा आकार, डिस्चार्जच्या प्रक्रियेचा आकार, मनगटावरचा ओळखपट्टा, भेटायला येणाऱ्यांचा पास, पल्स ऑक्सिमीटर हे सगळे खोलीभाड्यातच धरलेले आहे. गॉज, कापूस, सर्जिकल टेप, शस्त्रक्रियेचे ब्लेड हे शस्त्रक्रियेच्या आकारात धरलेले आहे. नोंदणीचे शुल्क, स्पिरिट, लघवीची पिशवी हे उपचाराच्या खर्चात. यांची वेगळी ओळ बिलात दिसली की विचारायचे, ही दोनदा का लावली? मावशींच्या बिलात अशा ओळी सापडल्या. रुग्णालयाने २,१५० रुपये परत केले आणि बाकीच्याबद्दल हात वर केले. किटमध्ये काय होते याचे उत्तर अजून आलेले नाही.

शेवटी त्या घराने भरले ८८,७३० रुपये. एवढी लढाई करूनही जवळपास निम्मे! शिवाय घरी आल्यावर वॉकर, डायपर आणि एअर बेडचा खर्च वेगळा. त्याला विम्यात जागाच नाही.

हे साहित्य एवढे महाग का पडते? राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार मोठ्या खाजगी रुग्णालयांची बिले तपासली होती. सलाइनच्या नळीला लावायचा तीन तोंडी कॉक ५ रुपये ७७ पैशांना घेऊन रुग्णाला १०६ रुपयांना लावला होता. नफा १,७३७ टक्के! आणि हे सगळे छापील किमतीच्या आत, कारण छापील किंमतच तशी फुगवून छापलेली असते. सरकारने मनावर घेतले तर काय होते तेही आपण पाहिले आहे. १३ फेब्रुवारी २०१७ ला हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत बांधली गेली आणि लाखाच्या घरात विकले जाणारे औषधयुक्त स्टेंट २९,६०० वर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटचे भाव बांधले गेले. मग हातमोज्यांचे, नळ्यांचे, किटचे का नाही? रुग्णालयाच्याच दुकानातून औषधे घेण्याची सक्ती होते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने धोरण ठरवण्याचे काम राज्य सरकारांवर सोपवून ते प्रकरण निकाली काढले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत औषध कोठून घ्यायचे हे निवडण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. पण खुबा मोडलेल्या आईला स्ट्रेचरवर ठेवून कोणता मुलगा केमिस्टची दुकाने फिरत बसेल?

आता डिडक्टिबलविषयी, कारण सध्या वस्तीत हा शब्द फिरतो आहे. विहारातील दोन तरुण आम्हाला मोठ्या अभिमानाने दाखवत होते, स्वस्तात दहा लाखांचा विमा घेतला म्हणून. कागद पाहिला तर ती टॉप-अप पॉलिसी, डिडक्टिबल तीन लाख. म्हणजे पहिले तीन लाख कंपनी देणार नाही. ते तुम्ही भरा, नाहीतर तुमचा दुसरा विमा भरेल. त्यांच्याकडे दुसरा विमा नव्हताच! टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतही फरक आहे. समजा वर्षात दोनदा दाखल व्हावे लागले आणि दोन्ही वेळी दोन-दोन लाख बिल झाले. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळी तीन लाखांची पायरी नव्याने चढायची, म्हणून एक पैसाही मिळत नाही. सुपर टॉप-अपमध्ये वर्षाचा खर्च एकत्र धरतात, म्हणून वरचा एक लाख मिळतो. एजंट हे सांगत नाही. खालचा मजलाच नसताना वरचा मजला विकणारा माणूस हे कशाला सांगेल?

आणि आम्हाला सगळ्यात जास्त टोचते ते पुढेच आहे. डिडक्टिबल नसलेला, हातमोजे न कापणारा विमा या देशातील कामगाराला फार पूर्वीच मिळालेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याच्या काळात १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. १९४४ मध्ये अहवाल आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ पासून कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. २०१९ पासून यात कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. सोळा हजार पगारवाल्याचे महिन्याला १२० रुपये! त्यावर स्वतःवर आणि कुटुंबावर पहिल्या रुपयापासून उपचार, खर्चाला वरची मर्यादा नाही. अवलंबून असलेले आईवडीलही त्यात येतात. ही रुग्णालये उत्तम चालतात असे आम्ही म्हणणार नाही, उल्हासनगर-अंबरनाथच्या कामगारांना ते सांगायची गरजही नाही. पण तत्त्व पाहा. हप्ता मिळकतीप्रमाणे, उपचार आजाराप्रमाणे. बाजारातील विम्यात हप्ता वयाप्रमाणे आणि उपचार ऐपतीप्रमाणे.

मावशींचा मुलगा आधी या योजनेत होता. १ जानेवारी २०१७ ला पगाराची मर्यादा २१ हजार झाली, ती २०२४ मध्येही तेवढीच होती. त्याचा पगार वीस हजारांवरून चोवीस हजार झाला आणि माय-लेक दोघेही योजनेबाहेर फेकले गेले. चार हजार वाढले म्हणून घरी पेढे वाटले होते. ही मर्यादा महागाईशी जोडा, ही मागणी आपल्या कामगार संघटनांनी जयंतीच्या भाषणांपुरती न ठेवता रस्त्यावर आणली पाहिजे. कंत्राटी सफाई कामगार, जीन्सच्या कारखान्यांत तुकड्यावर शिवणारे, घरकामगार बायका यांची तर ठेकेदार नोंदच करत नाही. पगारातून कापतो आणि भरत नाही, असेही दावे आमच्याकडे आले आहेत.

मुलाकडे केशरी रेशनकार्ड होते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे कोणी विचारलेसुद्धा नव्हते. त्या योजनेत इम्प्लांट आणि साहित्य पॅकेजमध्येच धरलेले असते, वेगळे पैसे घेता येत नाहीत. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती सर्व नागरिकांना खुली करून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्कही १५ ऑगस्ट २०२३ पासून माफ झाले. धर्मादाय न्यासाचे रुग्णालय असेल तर तेथे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरलेल्या त्या योजनेत औषधे आणि साहित्य खरेदीच्या भावानेच लावायचे असते. कार्ड प्लास्टिकचे होते म्हणून रेशनकार्ड कपाटातच राहिले. आम्हीही या बाबतीत कमी पडलो. विहारात आम्ही संविधान समजावून सांगतो, पण दवाखान्याच्या काउंटरवर पहिले वाक्य काय बोलायचे ते शिकवत नाही.

मावशी घरी आल्यानंतर आम्ही काही जणांनी वर्गणी काढून दोन वॉकर, एक एअर बेड, एक कमोड खुर्ची आणि एक नेब्युलायझर घेतले. सगळे मिळून जेवढा खर्च आला तेवढ्यात १४ एप्रिलला एका मंडळाचा डीजे एक रात्रही वाजत नाही. हे लिहिल्याबद्दल मंडळाची पोरे आमच्यावर रागावतील. रागावू देत. त्यांच्यातल्याच एकाचे वडील परवा तो एअर बेड घेऊन गेले आहेत.

ज्यांचा क्लेम असा कापला गेला आहे त्यांनी कापल्याचे कारण कंपनीकडून लेखी घ्यावे. तक्रार निवारण कक्षाने महिनाभरात दाद दिली नाही, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही, चालतच नाही. हे आम्ही वकील असून सांगतो! अर्ज लिहायला मदत हवी असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात यावे. येताना पूर्ण पॉलिसी, ओळीओळीचे तपशीलवार बिल आणि मंजुरीचे पत्र आणावे. एजंटाने दिलेले रंगीत पत्रक घरीच ठेवले तरी चालेल.