थ्रीडी प्रिंटर कपाटात, हृदय फळ्यावर!

पुस्तकातल्या हृदयाच्या आकृतीत उजवे कप्पे आपल्या डाव्या हाताला दिसतात. कारण आकृती समोर उभ्या असलेल्या माणसाची असते. एवढी साधी गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नाही. आकृती काढली, नावे दिली, मार्क मिळाले. डाव्या निलयाची भिंत किती जाड असते ते कळलं पुढे, खाटकाकडे बोकडाचं काळीज चिरलेलं पाहिलं तेव्हा.

हे आठवायचं कारण, २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येत्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली आहे. नीती आयोगाची ही योजना २०१६ पासूनची, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षांच्या खर्चाला. साहित्यात थ्रीडी प्रिंटरही असतो.

बातमीसाठी अशाच एका शाळेत गेलो होतो. प्रिंटरवर काढलेले गणपती, की-चेन, मोबाईल स्टँड कपाटात मांडून ठेवलेले. शेजारच्या वर्गात मॅडम फळ्यावर खडूने हृदय काढत होत्या. विचारलं, तर म्हणाल्या, "प्रिंटर लॅबच्या सरांकडे असतो, भाऊ."

खरी गोची इथंच आहे. दोन भागात उघडणारं हृदय मुलांच्या हातात दिलं तर झडप कुठल्या बाजूला उघडते ते बोट घालून कळतं. डीएनएचे तुकडे असे छापता येतात की अ‍ॅडेनीनला थायमीनच बसेल, सायटोसीन बसणारच नाही. दहावीच्या आनुवंशिकतेच्या धड्याला यापेक्षा वेगळं काय पाहिजे? असे नमुने इंटरनेटवर फुकट मिळतात. पीएलएचं एक किलोचं रीळ साधारण हजार-बाराशेला येतं, त्यात मुठीएवढी बरीच हृदयं निघतात. (हे प्लास्टिक मक्याच्या स्टार्चपासून बनतं, म्हणजे कच्चा माल आपल्याच रानातला!)

अडचणी आहेतच. एक नमुना छापायला पाच-सहा तास लागतात, मधेच लाईट गेली की बऱ्याचदा तुकडा वाया. पावसाळ्यात रीळ उघडं राहिलं तर ओल धरतं. आणि परीक्षेत प्रश्न येतो तो 'आकृती काढून नावे द्या' असाच, मग मॅडमनी तरी नमुन्यावर तास का घालवावा?

नव्या लॅबसोबत विज्ञान शिक्षकांना प्रशिक्षण आणि इन्व्हर्टर मिळणार का, हे पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारायला हवं. मी गेलो त्या शाळेची अनुदानाची पाच वर्षे संपलीत. शेवटचं रीळ दिवाळीआधीच संपलं.