चुन्याचा हात

दिवाळी जवळ आली की प्रत्येक मध्यमवर्गीय घरात रंगाचा विषय निघतो आणि चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर तो पुढच्या वर्षावर ढकलला जातो. आमच्या घरीही ही परंपरा निष्ठेने पाळली जाते. यंदा मात्र प्रश्न भाईंदरच्या आमच्या दोन खोल्यांचा नव्हता. कोकणातल्या जुन्या घराचा होता. चार वर्षांपूर्वी आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून ते घर कुलपात आहे. त्याच्या डागडुजीसाठी म्हणून थोडे पैसे बाजूला टाकले होते. तेवढ्यात कन्या शिकायला वर्षभर स्पेनमधल्या सेव्हिल शहरी गेली, आणि एप्रिलच्या अखेरीस सौभाग्यवती म्हणाली, “अहो, पोरीकडे जाऊन येऊ या ना. पुन्हा कधी जमणार आहे?”

मी आईकडे पाहिले. ती मटार सोलीत होती. मान वर न करता म्हणाली, “पोरीला बघून या. घर काय, कुठे पळून जातंय?”

घर पळून जात नाही हे खरे. आईला धाकट्या बहिणीकडे सोडून आम्हीच पळालो.

स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियाच्या डोंगरांत, ‘पांढरी गावे’ म्हणून गावांची एक माळच आहे. लांबून पाहिले तर टेकडीच्या माथ्यावर कुणी धुतलेली धोतरे वाळत घातली आहेत असे वाटावे. रोंदा गाव एका खोल दरीने मधोमध चिरले आहे, आणि ९८ मीटर उंचीच्या दगडी पुलाने ते सांधले आहे. हा पूल १७९३ साली पुरा झाला. तेथील लोक त्याला अजून ‘नवा पूल’ म्हणतात! सेतेनिल नावाच्या गावात डोंगराचा कडाच पुढे आलेला आणि त्याच्या पोटाखाली ओळीने घरे अन् दुकाने. “वरचा कडा पडला तर?” असे सौभाग्यवतीने विचारले. मी म्हटले, “आपल्या जिन्यातल्या छतापेक्षा तो पुष्कळ भरवशाचा दिसतो.”

या भागातल्या कितीतरी गावांच्या नावापुढे ‘दे ला फ्रोंतेरा’ असे शेपूट आहे. अर्कोस दे ला फ्रोंतेरा, मोरोन दे ला फ्रोंतेरा. फ्रोंतेरा म्हणजे सरहद्द. तेराव्या शतकापासून जवळजवळ अडीचशे वर्षे एकीकडे कास्तिलचे ख्रिस्ती राज्य आणि दुसरीकडे ग्रानादाचे मुसलमानी राज्य, अशी सरहद्द या डोंगरांतून जात होती. १४८५ साली रोंदा पडले, १४९२ साली ग्रानादा पडले, आणि सरहद्द पुसली गेली. नावे तेवढी राहिली. गावे उंचावर का, गल्ल्या इतक्या अरुंद का, याचे उत्तर त्या नावांतच आहे.

आणि पांढरा रंग? तो साधा चुना. उन्हाचा ताप परतवतो, जंतू मारतो, आणि गरिबाला परवडतो. एका गल्लीत भिंतीचे कोपरे लोण्याच्या गोळ्यासारखे गोल झालेले दिसले. कन्येने हात फिरवून सांगितले, “बाबा, हे मुद्दाम केलेलं नाही. वर्षानुवर्षे चुन्यावर चुना चढत गेलाय.” हे काम पूर्वापार बायकांचे. मोरोन गावात चुनखडी भाजून चुना करण्याची जुनी कारागिरी जपली जाते, आणि त्या जपण्याची २०११ साली युनेस्कोने दखल घेतली. त्याच साली हुस्कार नावाच्या दुसऱ्या एका पांढऱ्या गावाने एका चित्रपटाच्या जाहिरातीसाठी आपली सारी घरे निळी करून घेतली. पाहुणे इतके लोटले की गावकऱ्यांनी मते घेऊन निळा रंगच कायम ठेवला! चुना लावणे या शब्दप्रयोगाला असाही अर्थ येऊ शकतो, हे मला तेव्हा कळले.

परत आल्यावर आईला छायाचित्रे दाखविण्याचा समारंभ झाला. मी वर्गात शिकवावे तसे बोलत होतो. आई चष्मा सारखा करून एकेक चित्र बराच वेळ पाहत होती. शेवटी तिने एवढेच विचारले, “दरवर्षी करतात का रे?”

“करतात.”

“मग बरोबर,” ती म्हणाली. “चुना एका पावसाचा सोबती.”

पुढे ती काही बोलली नाही. पण मला आमचे पडवीचे दार दिसले. पाऊस सरला की आई घमेल्यात कळीचा चुना विझवायची. तो खदखदू लागला की आम्हां पोरांना लांब पिटाळायची. मग त्यात डिंकाचे पाणी, चिमूटभर नीळ, आणि केतकीच्या मुळ्या ठेचून केलेला कुंचला. वडील शाळेत, मी अभ्यासात, भिंती तिच्या. तिने कधी मला कुंचला धरायला सांगितले नाही, आणि मीही कधी मागितला नाही.

बेचैनी लपवायला मनुष्य सहलीला जातो. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी आईला म्हटले, “चल, तुला इथलेच स्पेन दाखवतो.” वीस वर्षे भाईंदरला राहून मी उत्तन-चौकला कधी गेलो नव्हतो! स्थानकाच्या पश्चिमेहून बस सुटते. डोंगरी मागे पडते, आणि चौकला पोचले की खाडीपलीकडे वसईचा किल्ला. हे जुने धारावी बेट. मुंबईतल्या धारावीशी याचा संबंध नाही. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली. पुढे १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांच्याच डोक्यावर होता. म्हणजे वसईचा धनी तेव्हा स्पेनमध्ये बसत होता. खाडीचे तोंड राखणाऱ्या या धारावीसाठी चिमाजी आप्पांच्या मोहिमेत किती रक्त सांडले! १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि ही सरहद्दही पुसली गेली. आपल्याकडे नावापुढे शेपूट लावायची रीत नाही, एवढाच फरक.

मी हे सारे आईला सांगत होतो, आणि आई माझ्याकडे पाहतच नव्हती. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांपलीकडे, एका घरासमोर, पावसाने शेवाळलेल्या क्रुसाला एक वयस्क बाई चुना देत होत्या. घरे आता तिथेही गुलाबी, पोपटी झाली आहेत. क्रूस मात्र पांढराच. आई सरळ तिकडे गेली.

“नीळ घालता का हो?”

बाई हसल्या. घालतात म्हणाल्या. मग डिंक की मीठ, किती दिवस भिजवायचा, दुसरा हात केव्हा द्यायचा, असा दोघींचा परिसंवाद सुरू झाला. माझ्या इतिहासाला त्यात जागा नव्हती. जरा वेळाने पाहतो तो कुंचला आईच्या हातात! चहाचा कप धरताना तिचा हात हल्ली थरथरतो. कुंचला मात्र वरून खाली सरळ उतरला. एक थेंबही सांडला नाही.

“हे तर नुसतं पाणी दिसतंय,” मी म्हटले.

“वाळू दे,” दोघी एकदम म्हणाल्या.

चुन्याचे हेच शास्त्र आहे. ओला असताना तो दिसत नाही. वाळताना हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा दगड होतो आणि मग उजळतो. आम्ही बसची वाट पाहत होतो तोवर तो क्रूस खरोखरच पांढरा होत गेला.

परतीच्या बसमध्ये मी विचारले, “आई, दिवाळीला घरी जाऊ या का?”

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “चुना आधी भिजवायला हवा. आठ दिवस तरी.”

डागडुजीचे पैसे तर स्पेनमध्ये खर्च झाले. कौले पुढच्या वर्षी. पण चुन्याला फारसे पैसे लागत नाहीत. शिडीवर चढणारा एक माणूस लागतो. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तो माणूस पडवीत कुंचला घेऊन उभा असेल, आणि खालून आई सांगत असेल की त्याचा हात अगदीच कच्चा आहे.