नेमलेलीं पुस्तकें आणि मुलांचीं मतें

पौष महिना लागला, कीं आमच्या करवीरनगरींत घरोघरींचे दिवे रात्रीं उशिरापर्यंत जळूं लागतात. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, आणि ज्या घरांत परीक्षेस बसणारें मूल आहे त्या घरांत मोठ्यानें बोलणें, पाहुण्यांस आग्रहानें ठेवून घेणें, फार काय, देवघरांतील घंटा वाजविणें हेंसुद्धां अपराधांत जमा होतें. मुलास कोणीं कांहीं विचारावयाचें नाहीं, आणि त्यानेंही कोणास कांहीं विचारावयाचें नाहीं. "आतां अभ्यास कर, बाकीचें परीक्षेनंतर," हें एकच वाक्य आजोबांपासून धाकट्या आत्यापर्यंत सर्वांच्या तोंडीं असतें. आम्हींही तें पुष्कळदां उच्चारलें आहे. त्याचा आम्हांस पश्चात्ताप कां झाला, तें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

गोष्ट २०२४ सालच्या जानेवारींतील. त्या वर्षीं आमच्या घरांत बारावीचीं दोन मुलें होतीं. एक आमचा पुतण्या, विज्ञान शाखेचा. दुसरी आमची भाची, कला शाखेची, गडहिंग्लजहून शिक्षणासाठीं आजोळीं येऊन राहिलेली. शाखा निरनिराळ्या असल्या तरी इंग्रजीचें पुस्तक दोघांचें एकच. २०२० सालीं निघालेल्या ह्या पुस्तकाच्या शेवटच्या भागांत तीन कादंबऱ्यांतील उतारे नेमलेले होते. पहिली जूल व्हेर्न ह्या फ्रेंच ग्रंथकाराची 'ऐंशी दिवसांत जगाची सफर'. दुसरी कॉनन डॉइलची १८९० सालची शेरलॉक होम्सची कथा, 'द साइन ऑफ फोर'. आणि तिसरी ब्रिटिश गियानांत जन्मलेल्या ब्रेथवेट ह्या कृष्णवर्णी लेखकाची १९५९ सालीं प्रसिद्ध झालेली 'टु सर, विथ लव्ह'. निवड करणारांनीं निवड चांगली केली होती, असें आमचें मत आहे.

प्रश्नपत्रिकेचें नांवही आतां बदललें आहे. तिला कृतिपत्रिका म्हणतात. लेखी परीक्षेच्या ८० गुणांपैकीं कांहीं प्रश्न दोन-दोन गुणांचे असून त्यांना 'वैयक्तिक प्रतिसाद' असें म्हटलेलें असे. वाचलेल्या मजकुराविषयीं तुम्हांस स्वतःस काय वाटतें तें लिहा, असा त्यांचा आशय. आमच्या विद्यार्थिदशेंत असें कोणीं विचारलें नव्हतें. म्हणून ह्या सुधारणेचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें. पुतण्याचें गाइड चाळून पाहीपर्यंत तें कौतुक टिकलें. प्रत्येक धड्याखालीं वैयक्तिक प्रतिसाद तयार छापलेला होता. 'मला असें वाटतें कीं' येथून आरंभ करून हजारों मुलांस एकच गोष्ट वाटत होती, आणि ती वाटण्याचीं कारणेंही सर्वांस त्याच क्रमानें सुचत होतीं!

त्याच आठवड्यांत पुतण्याच्या सराव परीक्षेचे पेपर घरीं आले. होम्सच्या कथेचें शीर्षक कितपत सार्थ आहे, अशा आशयाचा एक प्रश्न होता. कथेंत आग्र्याच्या किल्ल्यांत, १८५७ च्या धामधुमींत, एक इंग्रज शिपाई व तीन हिंदी माणसें मिळून खजिन्याविषयीं शपथ घेतात. त्या चौघांची ती खूण. एवढें लिहून उत्तर संपवावयाचें. परंतु आमच्या चिरंजीवांनीं उताऱ्यावर न थांबता सगळी कादंबरी वाचली होती. त्यानें लिहिलें कीं, ह्या तिघांपैकीं दोघे पहारेकरी शीख आहेत असें ग्रंथकार सांगतो आणि त्यांचीं नांवें मात्र महंमद सिंग व अब्दुल्ला खान अशीं ठेवतो; ज्या माणसांच्या सह्यांवरून पुस्तकाला नांव दिलें, त्यांचीं नांवें काय असूं शकतात हें विचारण्याची तसदी त्यानें घेतलेली दिसत नाहीं. शिवाय अंदमानच्या आदिवासीचें वर्णन माणसाचें नसून श्वापदाचें वाटतें, असेंही त्यानें जोडलें. ह्या उत्तरासमोर लाल शाईनें 'अवांतर' असा शेरा होता, आणि गुणांच्या जागीं शून्य.

तो पेपर घेऊन आमच्याकडे आला. "काका, ह्यांत चुकलें काय?" आम्हीं उत्तर दोनदां वाचलें. चुकलें कांहींच नव्हतें. तरीही आम्ही काय बोललों? "बाळ, बोर्डाच्या परीक्षेंत शहाणपणा दाखवूं नये. गाइडांत आहे तेवढेंच लिहावें. मतें परीक्षेनंतर." तो कांहीं न बोलतां पेपराची घडी करूं लागला.

भाची शेजारींच बसली होती. तिनें हातांतलें पुस्तक मिटलें आणि म्हणाली, "मामा, ह्या तिसऱ्या उताऱ्यांत काय आहे तें तुम्हीं वाचलें आहे का?" आम्हीं वाचलें नव्हतें. तिनें सांगितलें तें असें. लढाईंत विमानदलांत काम केलेला, विद्येनें इंजिनीयर असलेला हा लेखक केवळ वर्णामुळें नोकरीवांचून हिंडत होता. शेवटीं तो लंडनच्या पूर्व भागांतील गरिबांच्या शाळेंत शिक्षक झाला. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा एक नियम होता. दर शुक्रवारीं मुलांनीं सरलेल्या आठवड्याविषयीं आपापल्या शब्दांत लिहावयाचें. शिक्षकांविषयीं, धड्यांविषयीं, पद्धतीविषयीं जें बरें वाटलें तें आणि जें वाईट वाटलें तेंही. टीका केली म्हणून कोणासही शिक्षा नाहीं. आपण काय शिकवितों त्याचें मोजमाप मुलांच्या ह्या लिखाणांत सांपडतें, अशी मुख्याध्यापकांची समजूत.

"आणि मामा," ती म्हणाली, "दर शुक्रवारीं मुलांना आपलें मत लिहूं देणाऱ्या ह्या शाळेवरचें उत्तर आम्ही गाइडांतून पाठ करतों आहों."

ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं दिवा मोठा केला आणि दोघांनाही म्हटलें, "बसा. आज रात्रीं अभ्यास नको. तुम्हांला हीं पुस्तकें कशीं वाटलीं तें सांगा."

वाचकहो, घरांतील मुलांची बुद्धि आम्ही रोज पाहतों असें आम्हांस वाटत असतें. प्रत्यक्षांत आम्ही त्यांचे गुणच पाहत असतों. त्या रात्रीं भाचीनें व्हेर्नच्या कादंबरीविषयीं जें सांगितलें तें आम्हांस कोणत्याही गाइडांत आढळलें नाहीं. तिनें करवीर नगर वाचन मंदिरांतून, म्हणजे १८५० सालापासून ह्या शहराची वाचनाची भूक भागविणाऱ्या आमच्या जुन्या ग्रंथालयांतून, सबंध पुस्तक आणून वाचलें होतें. पुस्तकाचा नायक फॉग. त्याचा वक्तशीरपणा, त्याचें धैर्य, त्याचा शांत स्वभाव ह्यांवर चार-चार ओळी सर्वांच्या पाठ. ती म्हणाली, "पैज त्यानें जिंकलीच नाहीं. ती औदानें जिंकली." औदा ही सती जाण्याच्या प्रसंगांतून सोडविलेली विधवा. पुढें प्रवासभर ती बहुधा मुकाट्यानें बसलेली दिसते. लंडनला पोंचल्यावर आपण पैज हरलों असें समजून फॉग स्वस्थ बसतो. तेव्हां औदा स्वतः होऊन त्याला लग्नाविषयीं विचारते. म्हणून नोकर पाद्र्याकडे धांवतो, आणि म्हणूनच त्याला कळतें कीं, पूर्वेकडून पृथ्वीप्रदक्षिणा केल्यामुळें आपला एक दिवस वांचला आहे, मुदत अद्याप संपलेली नाहीं. "तिनें तोंड उघडलें नसतें तर तो घरांत बसून हरला असता. पण तिच्यावर कोणी प्रश्न काढीत नाहीं."

पुतण्याचा राग तोंवर निवळला होता. तो म्हणाला, "काका, मला होम्स आवडत नाहीं असें समजूं नका. मीं ती कथा एका रात्रींत संपविली. आवडली म्हणूनच तीं नांवें खटकलीं. जें आवडत नाहीं तें मी इतक्या बारकाईनें कशाला वाचीन?" ग्रंथपरीक्षणाचें हें सूत्र आम्हांस कित्येक नामांकित परीक्षकांच्या लेखांतही सांपडलेलें नाहीं.

इतक्यांत आमचे थोरले बंधू माडीवरून खालीं आले. मुलाचे वडील ते; त्यांचें म्हणणें वेगळें पडलें आणि तें टाकाऊ नव्हतें. "दोन गुणांनीं प्रवेश हुकतो. त्या वेळीं हीं मतें कोण विचारतो? आणि पाठांतराला नांवें ठेवूं नका. गोपाळ कृष्ण गोखले ह्याच कोल्हापुरांत शिकून १८८१ सालीं मॅट्रिक झाले. त्यांच्या पाठांतराच्या गोष्टी चरित्रांतून लिहून ठेवलेल्या आहेत. पाठ केलें म्हणून त्यांचें कांहीं बिघडलें काय?"

बंधूंचें बोलणें खरें होतें. पाठांतरानें इंग्रजी भाषा गोखल्यांच्या जिभेवर खेळूं लागली, आणि पुढें कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलतांना तिचा त्यांस उपयोग झाला. पण तेथें त्यांनीं भाषा पाठ केलेली वापरली. मतें त्यांचीं स्वतःचीं होतीं. म्हणून आम्हीं बंधूंस दुसऱ्या कोल्हापूरकर विद्यार्थ्याची आठवण करून दिली. महादेव गोविंद रानडे बालपणीं येथेंच इंग्रजी शिकले. १८५९ सालीं मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, तींत उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत ते होते. पुढें एल्फिन्स्टन कॉलेजांत असतांना एका निबंधांत त्यांनीं मराठी राज्य व इंग्रजी राज्य ह्यांची तुलना केली, आणि ती इंग्रजांस अनुकूल नव्हती. चरित्रकार सांगतात कीं, प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट ह्यांनीं त्यांची कानउघाडणी केली व त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद राहिली. गुण जाण्याची भीति आजची नाहीं. परंतु तीच भीति धरून रानड्यांनीं पुढें लिहिलें असतें, तर महाराष्ट्राचें किती नुकसान झालें असतें!

बंधू म्हणाले, "रानडे एखादाच होतो." ह्याचें उत्तर आम्हीं दिलें नाहीं. तें आमच्या मातोश्रींनीं दिलें.

मातोश्रींचें वय पंचाऐंशीच्या घरांत. त्या पलंगावर पडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मी शाळेंत होतें तेव्हां एक इंग्रजी कविता नेमलेली होती. तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला घेऊन मीं ओळ अन् ओळ जुळवून पाहिली, पण कवीला म्हणावयाचें काय तें कळेना. वडिलांना विचारलें. ते म्हणाले, परीक्षेनंतर सांगतों. परीक्षा झाली. मग लग्न ठरलें. तें सांगावयाचें राहूनच गेलें." आणि त्यांनीं ती कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कोठेंही न अडखळतां, म्हणून दाखविली. बंधू खुर्चीवर बसले, आणि पुष्कळ वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या शाळेंतील गुरुजींस भेटावयास गेलों. भांडावयास नव्हे. ते सज्जन गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "एका बैठकींत गठ्ठाभर उत्तरपत्रिका संपवावयाच्या असतात. ओळखीचें उत्तर डोळ्यांखालून जातें. अनोळखी उत्तरापाशीं थांबावें लागतें, आणि थांबावयाला वेळ नसतो. मुलाला सांगा, आधीं विचारलें आहे त्याचें सरळ उत्तर द्यावें. मग आपलें मत एका वाक्यांत, आणि लगेच त्याचा पुरावा पुस्तकांतून. म्हणजे तपासणाराला तें अवांतर म्हणतां येणार नाहीं." हा उपदेश आम्हांस इतका पटला कीं, तो येथें मुद्दाम नमूद करीत आहों. मत असणें वेगळें आणि तें मांडतां येणें वेगळें. मांडण्याची कला शिकविण्यासाठींच भाषेचा विषय असतो. पुतण्यानें बोर्डाच्या परीक्षेंत तसेंच लिहिलें. त्या प्रश्नास किती गुण पडले हें आम्हांस ठाऊक नाहीं. उत्तरपत्रिकेची प्रत आम्हीं मागविली नाहीं.

मुलांचीं मतें ऐकावयास बोर्डाची किंवा शाळेची परवानगी लागत नाहीं. त्यास जेवणानंतरचा अर्धा तास आणि मधेंच न बोलण्याचा थोडासा संयम एवढेंच लागतें. दुसरी गोष्ट आम्हां वडीलधाऱ्यांस अधिक जड जाते हें आम्ही कबूल करतों. मुलाचें मत कच्चें असेल. "कशावरून?" एवढें एकच विचारावें; कच्चें मत त्या प्रश्नानें पिकूं लागतें. 'तुला काय कळतें' ह्या शब्दांनीं तें जागच्या जागीं मरतें, आणि मग तें मूल पुढें आयुष्यभर दुसऱ्यांचीं छापील मतें घेऊन वावरतें. अशीं माणसें आपल्या घरांतून आणि सभांतून आपण रोज पाहतों.

आमच्या घरीं त्या लंडनच्या शाळेचा शुक्रवार आतां रविवारीं पाळला जातो. पहिल्याच रविवारीं दोघां मुलांनीं आजीच्या कवितेचा अर्थ तिला ओळीनें समजावून सांगितला. मातोश्रींनीं लक्षपूर्वक ऐकला, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "एवढेंच होय? मला वाटलें होतें, कांहीं मोठें असेल." सगळे हंसलों. भाचीनें विचारलें, "कशावरून, आजी?" आणि मातोश्री उठून बसल्या व कारणें सांगूं लागल्या.